पायथ्याचा मुलूख

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाने कर्जत पाहिलेले असते, पण कर्जतला तो आलेला नसतो. गाडी थांबते, मागे बँकर इंजिने लागतात, तेवढ्यात दारातून वडा घेतला जातो आणि गाडी घाटाला भिडते. खालापूर तालुक्यातली खोपोली तर आता द्रुतगती मार्गावरच्या पाटीपुरतीच उरली आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा लिखित इतिहासही बराचसा असाच, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी लिहिलेला आहे. लेण्यांचे अभ्यासक कार्ल्याला निघाले असताना कोंडाण्यात डोकावले. शिवकालाच्या अभ्यासकांनी उंबरखिंडीपुरती इथली वाट धरली. रेल्वेवर लिहिणारे बोरघाट चढले आणि खंडाळ्याला पोचताच खालचे विसरले. प्रत्येकाने आपल्या वाटेवरचा एक थांबा टिपला, आणि त्या थांब्यांच्या बेरजेलाच आपण या मुलखाचा इतिहास समजत आलो. तोच इतिहास घाटाखाली राहणाऱ्यांच्या बाजूने, नदीच्या पात्रातून वर कड्याकडे पाहत मांडावा, या हेतूने हे पुस्तक सिद्ध झाले आहे.

आधी नद्या समजून घेतल्या पाहिजेत, कारण बाकी सारे त्यांच्या मागून येते. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कोंडाण्याच्या दरीतून खाली उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीला मिळते. पाताळगंगा खोपोलीच्या वरच्या कड्याखाली सुरू होऊन पश्चिमेला धरमतरच्या खाडीकडे जाते; तिच्या दक्षिणेची अंबाही तिकडेच. म्हणजे एकमेकांना खेटून असलेल्या या दोन तालुक्यांची तोंडे दोन वेगळ्या खाड्यांकडे आहेत. कर्जतचा माल कल्याण बंदराकडे जायचा, खालापूरचा पनवेल, पेण आणि त्याहून जुन्या काळी चौलकडे. मधला पाणलोट इतका सखल आहे की कर्जत-खोपोली लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत तो केव्हा ओलांडते, हे खिडकीतल्या माणसाला कळतही नाही.

युरोपातल्या मध्ययुगीन नदीकाठच्या शहराचा इतिहास लिहिणाऱ्याला एक सोय असते. फ्रान्समधल्या काओर शहराला लोत नदीने तीन बाजूंनी वेढले आहे; तिथल्या व्हालांत्रे पुलाचे काम १३०८ साली सुरू झाले आणि तो आपल्या बुरुजांसकट आजही उभा आहे. नदीत होड्या, काठावर तट, तटात बाजार आणि बाजाराची दप्तरे, असा सगळा ऐवज एका जागी सापडतो. आपल्याकडे उल्हासेची भरतीची खाडी कल्याणच्या आसपास संपते. त्याच्या वर नदीने जहाजे चढू दिली नाहीत. तिने डोंगरात शिरण्याची वाट तेवढी दाखवली. मीठ, मासळी, धान्य, कापड बैलांच्या पाठीवर लादून तांडे नदीकाठाने पायथ्यापर्यंत येत आणि बोर, कुरवंडे, कुसूर, सावळे अशा घाटांनी वर चढत. तट बांधावा असे शहर खाली नव्हते. पहारा बसला तो कोथळीगड, ढाक, राजमाची, इर्शाळ या डोंगरमाथ्यांवर, आणि टाकी, लेणी, देवळे, तळी उभी राहिली ती वाटेच्या पायाशी. म्हणून इथल्या खुणा विखुरलेल्या दिसतात. वाटा नकाशावर ओढल्या की त्याच खुणा ओळीने लागतात.

या ओळीतली सर्वांत जुनी ठळक खूण कोंडाण्याची लेणी, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासची. राजमाचीच्या पोटात, गर्द झाडीत असलेले हे चैत्यगृह अर्धे ढासळले आहे. पुढचे खांब गेले, पण वरची कमान शाबूत आहे. ती नीट पाहावी. दगडात कोरताना कारागिरांनी लाकडाची बांधणी जशीच्या तशी उतरवली आहे: वाशांची टोके, जाळीचे नक्षीकाम, वेदिकेच्या पट्ट्या. लाकूड कोरण्यात मुरलेले हात दगडाकडे वळले तेव्हाचा हा ऐवज आहे. चैत्याच्या डाव्या अंगाला एका भव्य यक्षमूर्तीचे फक्त मस्तक उरले आहे आणि त्याच्याजवळ ब्राह्मीतली एक ओळ आहे. कण्हाचा शिष्य बालक याने हे केले, एवढेच ती सांगते. राजा नाही, दाता नाही, सावकार नाही. कर्जत तालुक्यात काम करून नाव मागे ठेवलेला हा पहिला माणूस आहे. पावसाळ्यात कड्यावरचे पाणी चैत्याच्या पुढ्यात पडदा धरल्यासारखे कोसळत असते आणि तेच पुढे उल्हासेला मिळते.

लेण्यांच्या अभ्यासाची पहिली शिस्त जेम्स फर्ग्युसन आणि जेम्स बर्जेस यांनी घालून दिली. १८८० साली निघालेल्या त्यांच्या लेणीविषयक ग्रंथात मोजमाप, शैली, कालक्रम यांवर भर होता. दामोदर धर्मानंद कोसंबींनी तोच विषय पायाखाली घेतला. पुण्या-मुंबईच्या रेल्वेप्रवासात आणि सुटीच्या दिवशी डोंगर तुडवीत त्यांनी एक गोष्ट ताडली: लेणी एकांतासाठी आडबाजूला कोरलेली नसून व्यापाराच्या वाटांना लागून आहेत, आणि त्याच वाटांच्या संगमांवर त्यांच्याही आधीची ग्रामदैवते बसलेली आहेत. या एका विचाराने कोंडाणे कार्ल्याचे गरीब भावंड राहिले नाही. घाट चढण्याआधीचा पायथ्याचा विसावा म्हणून त्याला स्वतःचे प्रयोजन मिळाले. आंबिवलीच्या लेण्यांकडेही याच नजरेने पाहावे लागते. या पुस्तकाची बैठक कोसंबींच्या वाटेने जाणारी आहे, हे मोकळेपणाने सांगतो.

सरकारी गॅझेटियरची परंपरा याहून वेगळी. १८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या खंडांत कर्जतची नोंद आहे, कारण तेव्हा हा तालुका ठाण्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ साली कुलाब्याचे नाव रायगड झाले. घाटवाटा, तळी, जंगल, जमिनीचा कस, जातवार लोकसंख्या यांची त्या खंडांइतकी बारकाईची नोंद दुसरीकडे मिळत नाही, म्हणून त्यांना पर्याय नाही. पण ती नोंद सारा गोळा करणाऱ्याच्या डोळ्यांनी केलेली आहे. ठाकर, कातकरी, महादेव कोळी तिथे वर्णनाचा विषय म्हणून येतात, बोलताना कधी येत नाहीत. गॅझेटियर वापरायचे आणि त्याचा दृष्टिकोन मात्र बाजूला ठेवायचा, ही कसरत या पुस्तकात जागोजाग करावी लागली आहे.

मराठा इतिहासाच्या अभ्यासकांनी या मुलखाला दिलेले सर्वांत मोठे दान म्हणजे उंबरखिंड. १६६१ च्या फेब्रुवारीत मोगल सरदार कारतलबखान मोठे सैन्य घेऊन घाटावरून कोकणात उतरत होता. सोबत माहूरची रायबागन होती. खाली उतरल्यावर अंबा नदीच्या खोऱ्यातल्या अरुंद, झाडीने दाटलेल्या वाटेत शिवाजी महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडले. पाणी नाही, पुढे वाट नाही, मागे वाट नाही. रायबागनच्या सल्ल्याने खानाने शरणागती पत्करली आणि खंडणी देऊन सुटका करून घेतली. परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग विस्ताराने आला आहे. खालापूर तालुक्यातल्या चावणीजवळ आज समरभूमीचे स्मारक आहे. लढाईचे वर्णन करताना महाराजांच्या डावपेचांवर सगळ्यांचे लक्ष जाते आणि जायलाच हवे. पण त्या डावपेचांना लागणारे ज्ञान कोणते होते? कुठल्या ओढ्याला फेब्रुवारीत पाणी आटते, कुठल्या वळणावर दोन घोडी शेजारून जात नाहीत, झाडीत माणूस कुठे उभा राहिला तर खालून दिसत नाही. हे ज्ञान पायथ्याच्या लोकांचे होते. उंबरखिंड ही त्या ज्ञानाचीही फत्ते आहे, आणि ते तसे म्हटले गेले पाहिजे.

कोथळीगडाबद्दल, म्हणजे इथल्या बोलीत पेठच्या किल्ल्याबद्दल, फार लिहीत नाही. सुळक्याच्या पोटातून कोरत नेलेला त्याचा जिना एकदा चढला की त्याची ओळख वाचून करून घ्यायची गरज उरत नाही. संभाजी महाराजांच्या काळात मोगलांनी हा छोटासा गड घेण्यासाठी एवढा खटाटोप का केला, हे मात्र माथ्यावरून खालच्या वाटा पाहिल्यावरच कळते. गडभटकंतीच्या साहित्याने, विशेषतः गो. नी. दांडेकरांनी, मराठी वाचकाला या डोंगरांत आणले. ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवरच घडते. हे ऋण मोठे आहे. तरी त्या परंपरेतल्या नंतरच्या पुष्कळ लेखनात गड उरला आणि गडाखालची वाडी वाटाड्या पुरवण्यापुरती राहिली.

पेशवाईत वाट रुळली आणि वाटेवर पुण्याचा पैसा आला. खालापूर तालुक्यातल्या महडच्या वरदविनायकाचे मंदिर १७२५ साली सुभेदार रामजी महादेव बिवलकरांनी बांधल्याचे सांगितले जाते. चवदार तळ्याचे महाड ते वेगळे, हे पहिल्यांदा येणाऱ्या अष्टविनायकाच्या यात्रेकरूला अजून सांगावे लागते. खोपोलीला नाना फडणविसांनी देऊळ आणि मोठे दगडी तळे बांधले. घाट चढण्याआधी माणसाला आणि बैलाला पाणी मिळावे, ही त्यामागची साधी सोय. पुण्याच्या कारभाऱ्याला ती दिसली, याचे कौतुक वाटते. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि बैलाच्या पाठीवरचा माल गाड्यांवर आला.

मग रेल्वे. १२ मे १८५६ रोजी खोपोलीपर्यंत गाडी आली आणि पुढची सात वर्षे मुंबईहून येणारी आगगाडी इथेच संपत असे. पुढे डोलीने, टांग्याने, पायी घाट चढायचा आणि १८५८ नंतर खंडाळ्याहून पुण्याची गाडी धरायची. खोपोलीच्या आयुष्यातला हा सर्वांत गजबजलेला काळ असावा. त्याच वेळी वर घाटात काम चालू होते. अभियंता जेम्स बर्कली, ठेकेदार विल्यम फॅव्हिएल, चढ ३७ फुटांना एक फूट, २५ बोगदे. १८६१ साली एकाच वेळी ४२ हजारांवर मजूर कामावर होते. रेल्वेच्या इतिहासात बोगद्यांची लांबी इंचापर्यंत मिळते. मजुरांबद्दल लिहायला सुरुवात व्हायला शंभरावर वर्षे गेली. कॅनडाचे इतिहासकार इयन कर यांनी १९९५ च्या आपल्या ग्रंथात हा विषय मुख्य प्रवाहात आणला. जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटातल्या कामगारांचा उठाव झाला, चौकशी बसली, फॅव्हिएलने ठेका सोडला, आणि १८६० साली मालक व कामगार यांच्या तंट्यांचा कायदा झाला. रेल्वेमजुरांच्या तंट्यातून झालेला देशातला हा अगदी सुरुवातीचा कामगारविषयक कायदा. त्याची सुरुवात बोरघाटात झाली हे कर्जतच्या किती शाळांत शिकवले जाते? नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत उतरल्यावर काही आठवड्यांत वारला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने माणसे नेमून काम पुरे करवून घेतले. १८६३ साली घाटमार्ग खुला झाला. जुन्या मार्गात गाडीला मध्येच तोंड फिरवून उलट दिशेने निघावे लागे. तो रिव्हर्सिंग स्टेशनचा टप्पा १९२९ साली नव्या मार्गाने टळला.

घाटातल्या शिंग्रोबाच्या देवळाची कथा याच काळातली. इंग्रज अभियंत्यांना घाटाची वाट सापडेना, ती एका धनगराने दाखवली, आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असे लोक सांगतात. कागदाच्या कसोटीला ही कथा लावण्याचा आमचा आग्रह नाही. वाट आम्ही दाखवली, नाव दुसऱ्याचे झाले आणि किंमतही आम्हीच मोजली, ही पायथ्याची भावना तिच्यात इतकी नेमकी साठली आहे की तिला पुराव्याचा दर्जा देणेच योग्य. उंबरखिंड, रेल्वे आणि पुढची वीज या तिन्हींना ती लागू पडते.

विजेची गोष्ट पाण्याची आहे. लोणावळ्याच्या बाजूला, म्हणजे घाटमाथ्यावर, टाटांनी तलाव बांधले, पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली खोपोलीला सोडले, आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. १९२२ मध्ये कर्जत तालुक्यात भिवपुरीचे वीजगृह आले. टर्बाइन फिरवून निघालेले पाणी खोपोलीत पाताळगंगेला आणि भिवपुरीत पेज नदीला मिळते. पूर्वेकडे वाहून बंगालच्या उपसागराला जाणारे पाणी असे पश्चिमेला वळले. पेज बारमाही झाली, राजनाल्याच्या कालव्यावर कर्जतला उन्हाळी भात पिकू लागले, पाताळगंगेच्या काठावर रसायनीचे कारखाने आले, आणि उल्हासेवर कल्याणपर्यंतची शहरे वाढली. विसाव्या शतकातला कर्जत-खालापूर समजून घ्यायचा तर लढायांपेक्षा या नळांचा इतिहास आधी वाचावा, असे माझे मत आहे.

भाई कोतवाल यांची लढाईही याच विजेच्या तारांशी जोडलेली होती. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ चा, माथेरानचा, नाभिक कुटुंबातला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, खाली वाड्यांमध्ये शाळा काढल्या, सावकाराच्या तावडीतून कुळे सुटावीत म्हणून धान्यकोठ्या उभ्या केल्या. १९४२ मध्ये त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठले. भाई आणि हिराजी पाटील तिथे धारातीर्थी पडले. भाईंचे वय तीस होते. त्यांचे हुतात्मापण आपण दरवर्षी आठवतो. त्यांनी वार कुठे केला याचा विचार कमी होतो. या मुलखातून काय बाहेर जाते आणि कोणासाठी जाते, हे धान्यकोठ्या काढणाऱ्या माणसाला ठाऊक होते.

ते बाहेर जाणे आजही थांबलेले नाही. खालापुरातले मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचे आहे. उल्हासेवर कोंडाण्याला धरण बांधून तेही पाणी नव्या शहरांना देण्याची योजना वर्षानुवर्षे चर्चेत आहे. आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच डोंगरांवरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन झऱ्याच्या डबक्याशी रांग लावून बसलेल्या असतात. जूनमध्ये तीन दिवसांत ओढे दुथडी वाहतात, आणि जुलैत हेच लोक राब भाजलेल्या वाफ्यांतून भाताची रोपे उपटून आवणीला लागतात. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि वाड्या ओस पडतात. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली; २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वनहक्क, जंगलात कसायला दिलेल्या दळी जमिनी, पुनर्वसन यांवर इथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि संघटनांनी गेल्या काही दशकांत जे टिपून ठेवले, ती इतिहासलेखनाची सर्वांत तरुण शाखा आहे. पत्रके, अर्ज, मोजणीचे नकाशे, सभांची इतिवृत्ते अशा रूपात ती आहे. तिच्याशिवाय इर्शाळवाडीच्या आधीचा काळ वाचता येत नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याचे उत्तर कर्जतच्या कुठल्याही नाक्यावर मिळेल. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग येतो आहे. खोपोली ते कुसगाव या ‘मिसिंग लिंक’चा हेतूच द्रुतगती मार्गाचा घाट वगळणे हा आहे. २०२३ साली सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर वंदे भारतला घाट चढायला बँकर लागत नाही. बँकर लागायचे म्हणून गाड्या थांबत, गाड्या थांबत म्हणून फलाटावरचा वडा देशभर पोचला. गावठाणाभोवतीची खाचरे भराव टाकून बंगल्यांच्या प्लॉटांत बदलत आहेत. १९१९ पासून भाताच्या जातींवर काम करणारे संशोधन केंद्र ज्या तालुक्यात आहे, ‘सह्याद्री’सारखे संकरित वाण जिथे निघाले, तिथे भाताखालची जमीन डोळ्यांदेखत कमी होते आहे. कुठल्या बांधाखाली जुनी फरसबंदी वाट आहे, कुठल्या वडाखाली वीरगळ आहे, हे सांगणारी पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. जेसीबी फिरल्यानंतर त्यांना विचारायला जाण्यात काही अर्थ नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. मांडणी कालक्रमाने केलेली नाही, खोऱ्यांनुसार केली आहे: उल्हास आणि पेज, मग पाताळगंगा, मग अंबा. त्यामुळे एकाच ठिकाणी सातवाहनकालीन टाके, पेशवाईतले देऊळ आणि वीजगृहाचा नळ शेजारी येतील. जमिनीवरही ते तसेच आहेत. माथेरानला स्वतंत्र जागा जाणूनबुजून दिलेली नाही. १८५० साली ह्यू मॅलेट वर चढले आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी सुरू झाली, ही कथा अनेकदा सांगून झाली आहे. इथे माथेरान येते ते पाणी, सामान आणि माणसे वर वाहून नेणाऱ्या खालच्या गावांच्या बाजूने. ढाकच्या बहिरीच्या गुहेतली भांडी, जी तिथे येणाऱ्याने वापरायची, घासायची आणि जागेवर ठेवायची असा ठाकरांचा दंडक आहे, त्यांच्यावरचे लेखन ऐतिहासिक अवशेषांच्या बरोबरीने घेतले आहे, कारण वापरात असलेली गोष्टही अवशेषाइतकीच साक्ष देते. गावांची आणि वाड्यांची नावे सातबाऱ्यावर आहेत तशी न देता तिथले लोक उच्चारतात तशी दिली आहेत.

लेखकांत शिक्षक आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले आहेत, वाडीवरच्या पहिल्या पदवीधर मुली आहेत. काहींची मते एकमेकांशी जुळत नाहीत. वीजगृहांनी या भागाचे भले केले की नुकसान, यावर दोन लेख सरळ समोरासमोर उभे आहेत, आणि संपादक म्हणून मी त्यांत समेट घडवलेला नाही. शेवटी जोडलेल्या नकाशांत घाटवाटा ठळक आणि मोटाररस्ते फिके छापले आहेत. पुस्तक हातात घेऊन फिरणाऱ्याने पहिल्यांदा कर्जतहून कोंडाण्याला पायी जावे, नदी उजव्या-डाव्या हाताला कशी येते-जाते ते पाहत, आणि वाटेतल्या गावांत थांबून विचारावे. नकाशात सुटलेले काही हमखास सापडेल. ते कळवावे, पुढच्या आवृत्तीसाठी तीन खोऱ्यांचे तीन नकाशे अजून कोरेच ठेवले आहेत.